पूर्ण

खराडीत, सातव्या मजल्यावर, माझ्या टेबलाच्या खणात
एकोणीस फोन झोपतात.
सकाळी एकेकाला उठवते,
पाळणाघरातल्या बाईसारखी
वायरींचा गुंता सोडवत.

एक तळहाताएवढा, कडेला खरचटलेला.
एक उभट, घोसाळ्यासारखा.
एक साहेबांचा, पोथीसारखा उघडणारा;
त्याच्या घडीत नेमकी आमची दोन अक्षरं सापडतात,
दारात बोट चेमटावं तशी.
आणि एक टॅब. त्याच्यावर आमचं एकुलतं बटण
मंगल कार्यालयात दोन तास आधी पोचलेल्या
पाहुण्यासारखं मधोमध बसून असतं.

ॲप साधंच आहे.
घरोघरी आजारी माणसांपाशी बसणाऱ्या बायकांनी
आल्यावर एक बटण दाबायचं,
निघताना दुसरं. मधे बारा तास.
तन्वीर शिकलगार म्हणाला, यात चुकणार काय?

कुंदा ओव्हाळ, राहणार दांडेकर पूल,
औंधात एका निवृत्त प्राध्यापकांकडे दिवसपाळी,
ॲपच्या हिशेबी अकरा दिवस
घरीच गेल्या नव्हत्या.

मी त्यांना परिहार चौकात गाठलं, बसथांब्यावर;
पाळी सुटल्यावर थांबायला वेळ नव्हता.
फोन मुलाचा जुना, मागचं झाकण रबराने बांधलेलं,
अक्षर सगळ्यात मोठं केलेलं.
"मोतीबिंदू पिकायचाय अजून. डॉक्टर म्हणतात, थांबा."

त्या मोठ्या अक्षराला आमच्या चौकटीत
उभं राहायला जागा नव्हती.
वरून रफार छाटला गेला होता, खालून ऊकार.
मी लिहिलं होतं: काम पूर्ण.
त्यांच्या हातात होतं:
काम पण

"मला वाटलं, पुढं काहीतरी यायचंय," त्या म्हणाल्या.
"अर्ध्या वाक्याला कसा हात लावू?
उगाच दाबलं आणि पैसे गेले म्हंजे?"
मग बस आली. त्या मागच्या दाराने चढल्या,
आणि मी तिथेच, खिशातले तीन फोन सांभाळत.

चौकट आम्ही इंग्रजी शब्दाच्या मापाने बेतली होती.
तो बुटका, चार अक्षरांत आटोपणारा.
मराठीला एका खोलीतही
पोटमाळा लागतो, तळघर लागतं.
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
माझं स्वतःचं आडनाव कुर्लेकर.

आई धनकवडीत ब्लाउज शिवायची.
कापड बेतताना कडेला दोन बोटं जास्त ठेवायची,
गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं आत दुमडून.
त्याला माया म्हणतात. सगळेच शिंपी म्हणतात.
"बाई आज आहे तेवढीच राहणारे का?
उसवायला माया नको?"

बदल आठ ओळींचा.
ठरवून दिलेली उंची काढून टाकली,
वर थोडी माया, खाली थोडी,
शब्द वाढेल तसं बटण वाढू दे म्हटलं.
अठरा फोनांवर नीट बसलं.
पोथीवाला अजून चिमटा काढतो, त्याचं सोमवारी बघू.
"बदलाला नाव काय देऊ?" तन्वीरने विचारलं.
मी म्हटलं, "मोतीबिंदू."
त्याने टाइप केलं, काही न विचारता.

शुक्रवारी रात्री आठ वाजून सात मिनिटांनी
माझ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका विझला.
मग फोन वाजला. मागे बसचा हॉर्न,
कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.

"ताई, दिसतंय आता. अख्खं दिसतंय.
पण..."

त्या थांबल्या. मीही.

"पण त्या अकरा दिवसांचं काय करतायत तुमचे लोक?"

हिशेबाचं खातं पाचव्या मजल्यावर.
जिन्यातून वाकून पाहिलं,
तिथं अजून दिवा होता.